मोकाला चारचौघांत मिसळायला हवं

रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलं की पहिल्या आठवड्यात त्याला आंघोळ घालतात, दुसऱ्यात लस टोचतात आणि तिसऱ्यात त्याचं नाव बदलतात. टपरीवरचा मोत्या सोसायटीत आला की 'मोका' होतो. महिनाभरात घरच्यांच्या लक्षात येतं की मोका कुणात मिसळत नाही. बेल वाजली की पलंगाखाली, झाडू दिसला की थेट मोरीत. मग ट्रेनर येतो, मोकाकडे पाहून मान हलवतो आणि म्हणतो, "सर, सोशलायझेशन कमी पडलंय."

झालं. रविवारी सकाळी मोकाला गाडीत घालून पुण्यात बाणेरच्याही पलीकडे नेलं जातं. तिथे कुत्र्यांची बाग आहे. आत पट्टा सोडायला परवानगी असते आणि तिचा दर तासावर असतो. ज्याचं उभं आयुष्य पट्ट्याविना गेलं, त्याला पट्ट्याविना फिरवायचे तासाचे पैसे! दत्तगुरूंच्या तसबिरीतली चारही कुत्री इतकी वर्षं बिनपट्ट्याची, गुण्यागोविंदाने उभी आहेत. त्यांचं सोशलायझेशन कुणी केलं, कोण जाणे.

कल्पना अमेरिकेची. तिथली पहिली अधिकृत बाग १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत निघाली, असं मानतात. तिथे ते शोभतं, कारण तिकडच्या रस्त्यावर मोकळं कुत्रं औषधालाही सापडत नाही. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला सव्वा एकरभर जागेत अशी बाग केली. जागा पूर्वी कचरा टाकायची होती. म्हणजे कुत्री तिथे आधीपासून जातच असणार, पालिकेने फाटक लावलं इतकंच.

आपल्या बाणेरपलीकडच्या बागेला फाटकं दोन. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुणी निसटत नाही. लसीचं कार्ड दाखवायचं. खाऊ आणि चेंडू आत न्यायचा नाही, त्यावरून मारामाऱ्या होतात. छोट्या कुत्र्यांना वेगळा कप्पा. नियम शहाणपणाचे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. खरी गंमत आत सुरू होते. आतला प्रकार थेट कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा. वडीलधारे बाकावर, मुलं मध्ये उभी, आणि मागून ढोसणं चालू: "जा ना, बोल ना त्याच्याशी!"

मोका शेपूट पोटाशी घेऊन उभा. जांभई देतो, ओठ चाटतो, पुन्हा जांभई देतो. शेजारच्या काकू म्हणतात, "झोप झाली नाही वाटतं बाळाची." कुत्रं घाबरलं की असंच करतं, हे ट्रेनरला पक्कं ठाऊक आहे, पण ट्रेनर सध्या एका लॅब्राडॉरच्या मालकाला सहा महिन्यांचं पॅकेज समजावतो आहे. पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचं. मोका चार वर्षांचा घोडा आहे. पिल्लाच्या वयात त्याने जे शिकायचं ते गल्लीत शिकून घेतलं: कुणाला आधी हुंगायचं, कुणापुढे आडवं व्हायचं, कुणाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. पाच-सहा अनोळखी कुत्री एकदम अंगावर आली तर तिथून काढता पाय घ्यायचा, हाही त्याच शाळेतला धडा. इथे नेमकं तेवढंच करायला जागा नाही.

बाकांवर मात्र मिसळणं जोरात असतं. "आमचा हायवेवर सापडला." "आमची गटारात होती, भर पावसात." "आमच्यावर तर कुणीतरी उकळतं पाणी टाकलं होतं." कुत्र्यांचे भूतकाळ दर रविवारी थोडे थोडे हालाखीचे होत जातात. गणपतीत नुसता लंगडत असलेला कुत्रा दिवाळीपर्यंत ट्रकखालून वाचलेला असतो. लॅब्राडॉरवाले साहेब सुरुवातीला ओशाळून गप्प बसायचे. आता तेही म्हणतात, "आम्हीसुद्धा रेस्क्यूच केलं याला. ब्रीडरकडून."

आणि हे चाललेलं असताना मोका कुठे असतो? कुंपणाशी. कुंपणापलीकडे रस्त्यावरची तीन-चार कुत्री रोज येऊन बसतात. सगळ्यांच्या कानाला खाच, म्हणजे निर्बीजीकरण झालेलं. मोकाच्या कानालाही तीच खाच आहे. जाळीला नाकं लागतात, हुंगणं होतं, आणि आत अर्धा तास गोठून उभा असलेला मोका पुढचे पाय जमिनीला टेकवून, बूड वर करून, खेळायचं आमंत्रण देतो. शेपूट अशी हलते की मागचा अर्धा कुत्रा तिच्याबरोबर हलतो.

तेवढ्यात बाकावरून आरोळी येते: "मोका! नो! डर्टी डॉग्ज!"

बागेत येणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी ठराव आला: बाहेरच्या भटक्या कुत्र्यांमुळे आपल्या मुलांच्या सोशलायझेशनमध्ये अडथळा येतो, सबब पालिकेने ती हलवावीत. खाली सह्यांची रांग लागली. पहिली सही गटारवाल्या काकूंची. पालिकेच्या माणसाने शांतपणे सांगितलं की २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण केलेलं कुत्रं होतं त्याच जागी सोडावं लागतं. त्यावर ग्रुपमधल्या वकीलसाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश काढला. शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला त्यात सांगितलंय. कुत्र्यांची बाग यात कुठे बसते? वकीलसाहेबांचं म्हणणं, बागेत एक बोगदा आणि उडी मारायचे दोन दांडे आहेत, तेव्हा हे क्रीडा संकुलच. क्रीडा संकुलात कुत्री नकोत, हे मान्य झालं तर आतल्यांचं काय, असं एकाने विचारलं. त्याला ॲडमिननी ग्रुपमधून काढलं.

शेवटी तडजोड निघाली. कुंपणाला आतून हिरवी शेडनेट लावायची, म्हणजे इकडचं तिकडे दिसणार नाही. वर्गणी कुत्र्यामागे पाचशे रुपये. ज्यांची दोन आहेत त्यांना सवलत द्यायची का, यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालू होती.