यशोगुरूंना पळस्पे फाट्यावरून साष्टांग नमस्कार

श्री. यशोगुरू, जीवनपरिवर्तनकार, प्रेरणादायी वक्ते वगैरे वगैरे यांस,

सकारात्मक नमस्कार. पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांचा निरोप घेतात. गाड्या जिथे थबकतात तिथे फलक उगवतात, तेव्हा आज ना उद्या आपलाही इथे झळकेलच : अंगात कोट, हाताची घडी, मागे उगवता सूर्य. त्याआधी एक प्रस्ताव आहे. प्र. के. अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात पुन्हा व्हावं आणि त्यात आपण काम करावं. १९३३ सालच्या या प्रहसनातल्या रावबहादुरांना नमस्काराचं वेड आहे. व्याधी कसलीही असो, उतारा एकच. प्रश्न ऐकण्याआधी उत्तर तयार ठेवण्याची ही हातोटी पाहता भूमिका आपल्यासाठीच लिहिली असावी, असं कुणालाही वाटेल.

पण संहिता जरा बारकाईने पाहिली की घोडं अडतं. रावबहादूर स्वतः नमस्कार घालतात. आपल्या औषधाचे पहिले रोगी ते स्वतःच आहेत, म्हणून त्यांना हसताना मनात कडवटपणा येत नाही. नाटकाबाहेरही तेव्हा असंच होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचाराने भारले होते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तक लिहिलं, १९३८ साली तो विषय इंग्रजीतून थेट लंडनच्या वाचकांपुढे नेला. पण हा गृहस्थ स्वतः रोज घाम गाळत होता आणि नमस्कार शिकवायला प्रवेशशुल्क घेत नव्हता. आपल्या धंद्यात वेड विकणाऱ्याकडे राहत नाही, ते पावतीबरोबर गिऱ्हाइकाच्या हवाली होतं. पोरगं यशस्वी झालं तर त्याचा फोटो आपल्या पुढच्या जाहिरातीत. नाही झालं तर त्याने मनापासून केलं नाही, म्हणून त्याला ‘प्रगत स्तर’ घ्यावा लागतो. म्हणजे उपाय फसला की गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पक्कं होतं. अशी सोय अत्र्यांनाही सुचली नव्हती. शिवाय आपल्या विद्येचा पुरावा काय, तर आपली प्रसिद्धी. आणि प्रसिद्धीचं कारण काय, तर आपली विद्या. नाटकातला भद्रायू निदान कविता तरी करतो.

आपण म्हणाल, लोकांना फायदा होतो. होत असेल. सूर्यनमस्काराचाही होतोच, तो व्यायाम उत्तम आहे आणि अत्र्यांचं भांडण व्यायामाशी नव्हतंच. भांडण होतं ते ‘सगळ्यावर हेच’ या दाव्याशी. तोच दावा फाट्यावर आणून तपासू. गोव्याच्या रस्त्याचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. ते २०१४ पर्यंत पुरं व्हायचं होतं, पण दशक उलटलं तरी रखडलेलंच राहिलं. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी पोरांना मांडीवर घेऊन, पाठीला हिसके खात त्या खड्ड्यांतून जातो. अडचण रस्त्यात नसून दृष्टिकोनात आहे, हे आपलं सूत्र त्याला त्याच वेळी ऐकवून पाहावं. (श्रोता सीटबेल्ट लावून बसलेला असल्याने वक्त्याला धोका कमी.) जमीन संपादन, कंत्राटदार, निधी, देखरेख यांतली एकही गोष्ट सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी दिल्याने हलत नाही. आणि हलत नाही याचा दोष त्या चाकरमान्यावर ढकलणं ही तर निव्वळ निर्लज्जपणाची कसरत झाली.

दुसरा आक्षेप : स्वावलंबनाची परंपरा जुनी आहे. आहेच. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली निघालं. पण त्याचं मूळ लीड्समधल्या कामगार पोरांपुढे केलेल्या भाषणांत आहे, आणि ती पोरं स्माइल्सकडे यायच्या आधीच एकत्र जमून, खोली भाड्याने घेऊन, एकमेकांना शिकवू लागली होती. ज्याला थोडं जास्त येई तो कमी येणाऱ्याला शिकवी. आपण तीच खोली वातानुकूलित केलीत आणि एकमेकांना शिकवण्याची भानगड तेवढी काढून टाकलीत. आता प्रत्येक जण समोर बघतो. शेजारच्या खुर्चीवरचा दिसलाच तर प्रतिस्पर्धी म्हणून. लोक राजीखुशीने पैसे भरतात, हा आपला शेवटचा बचावही मान्य. पण नोकरी नसलेल्या पोराला ‘तू कमी पडलास’ हे आधी पटवायचं आणि मग त्यावरचं औषध काढायचं, ही राजीखुशी जरा घाईत गोळा केलेली दिसते.

सारांश, रावबहादूर आपल्याला झेपणार नाहीत, रंगमंचावर खरे नमस्कार घालावे लागतात. तेव्हा आपल्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवावी असा विचार आहे. तिकीट पूर्ण दराचं पडेल आणि नाटक आवडलं नाही तर पैसे परत मिळणार नाहीत. हा नियम आपल्याला नवा नसावा.

आपला,
एक नकारात्मक पळस्पेकर