शेअरिंग चालेल?

रविवारी सकाळी माटुंग्याच्या फुटपाथवर उभं राहिलं की माणसाच्या अंगात इतिहास संचारतो. निदान माझ्या तरी. हॉटेलच्या वहीवाल्याकडे नाव लिहून झाल्यावर करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मी आजूबाजूच्यांना ज्ञान देतो. राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, स्टेशनजवळचं रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ चं. या सनावळ्या मी अशा थाटात सांगतो, जणू तिन्ही ठिकाणी नारळ मीच फोडला होता. बोरिवलीहून आलेलं कुटुंब आदराने ऐकतं. आदराने असं मी म्हणतो. बायकोच्या मते, नंबर जाईल म्हणून ते हलत नाहीत.

आम्ही जातो ते हॉटेल या तिघांतलं नाही. नाव सांगणार नाही. आहे तेवढी गर्दी पुरे.

तिथला वहीवाला आणि मी एकमेकांकडे बघून ओळखीचं हसतो. हसून झालं की तो विचारतो, ‘‘नाव?’’ आपण लिहितो, छापून येतो, दिवाळी अंकांत तर फोटोसकट येतो, हे त्याच्या कानावर जावं म्हणून मी एकदा संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्याने आडनाव लिहिलं, पुढे ‘२’ टाकला आणि विचारलं, ‘‘शेअरिंग चालेल?’’

मग सुरू होते माझी आवडती विद्या : दारातून आतल्यांची ताटं वाचणं. कोण कधी उठणार, हे मी पदार्थावरून सांगू शकतो. मेदूवडेवाला भरवशाचा. दोन वडे, एक वाटी, हात धुतले, गेला. म्हैसूर मसालावाला मध्यम. आतली भाजी आधी की कड आधी, यात त्याचा वेळ जातो. पदार्थ आल्याबरोबर मोबाईल काढणाऱ्याच्या टेबलाकडे बघूच नये. त्याचा डोसा आधी जगभर जातो, मग तोंडात. कापीवाल्यांचे दोन वर्ग. एक गार करण्यासाठी पेल्यातून डबऱ्यात ओततो, तो पाच मिनिटांत उठतो. दुसरा ओतता ओतता बोलतो. त्याच्याकडे विषय संपेपर्यंत कापी संपत नाही. सकाळी फिरून आलेल्या निवृत्तांच्या टोळीपुढे बिल आलं, तर नवखे लोक हरखतात. मी हरखत नाही. ते बिल कोणी द्यायचं, हा त्यांचा मुख्य कार्यक्रम असतो.

पण सगळ्यांत घातक तो सांबारवाला. त्याची इडली संपते तेव्हा सांबार उरलेलं असतं. वाया कशाला घालवायचं म्हणून तो इडली मागवतो. मग सांबार संपतं आणि इडली उरते. तो पुन्हा वाटी पुढे करतो. इथे सांबार मागाल तितकं वाढतात, त्यामुळे या माणसाला अंत नाही. त्याला मी मनातल्या मनात दिलेले शाप इथे छापता येणार नाहीत.

एका रविवारी असाच एक इसम तिसऱ्या वाटीकडे वळलेला पाहून मी बायकोवर घसरलो. ‘‘एवढं ताटकळायचं कशाला? डोसे घरीही होतात की!’’

‘‘होतात,’’ ती म्हणाली. ‘‘मी शेवटी खाते.’’

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं, तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती फुलवाल्याकडचे गजरे बघत सहज बोलली. पहिला डोसा फाटतो, तो करणाऱ्याचा. मधले गरम, ते बसलेल्यांचे. शेवटी भांडं निपटून जो होतो, तोही करणाऱ्याचा, आणि तो खाईपर्यंत चटणी संपलेली असते. माझ्या आईला पाटावर बसून गरम घावन खाताना मी पाहिल्याचं मला आठवत नाही. तिच्या हातच्या घावनांवर मात्र मी लेख लिहिलाय. जाळी कशी पडायची, कड कशी सुटायची, सगळं त्यात आहे. वाचकांची पत्रं आली होती. तिने स्वतः कधी खाल्लं, हे एकाही पत्रात कुणी विचारलं नाही, कारण लेखात मी एकटाच खात होतो.

तेवढ्यात आमचं आडनाव पुकारलं गेलं. टेबलाचं शेअरिंग चाललं. बायकोचा डोसा आधी आला, माझा मागाहून. तिने वाट पाहिली नाही. तूप अजून चुरचुरत असलेल्या डोशाची कड मोडून ती शांतपणे खायला लागली. दारात एक गृहस्थ टाचा उंचावून आमचं टेबल वाचत होते. ताट रिकामं होत आलेलं पाहून त्यांनी बायकोला खूणही केली : चला, आपला नंबर.

‘‘अण्णा,’’ बायको म्हणाली, ‘‘अजून एक साधा. कडक.’’

गृहस्थांचे ओठ हलले. मी माझ्यासाठी आणखी एक कापी सांगितली आणि ती सावकाश डबऱ्यात ओतायला घेतली. बाहेरून येणाऱ्या शापांना घाबरायचं कारण नसतं. मी दिलेले आजवर एकालाही लागलेले नाहीत.