लॉक, कौटिल्य आणि राँग साइड

तिवस्यात आमचं वावर हायवेच्या त्या अंगाला आहे, नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूला. फाट्यावर रस्ता ओलांडला की जेमतेम चारशे पावलं. पण उलट्या बाजूनं. कायद्यानं जायचं तर दीड किलोमीटर पुढं जाऊन दुभाजकाच्या फटीतून वळायचं आणि तेवढंच मागं यायचं. तीस वर्षं पोरांना राज्यशास्त्र शिकवलेला मी मास्तर. फाट्यावर स्कूटर उभी करून रोज सकाळी मनात चर्चासत्र भरवतो, आणि चर्चासत्र संपायच्या आत स्कूटर उलट्या बाजूला लागलेली असते.

अडचण जॉन लॉकची आहे. राज्याचे कायदे मला मान्य आहेत, असं मी कधी कुठं लिहून दिलं? यावर लॉकनं 1689 साली, पुस्तकावर स्वतःचं नावही न घालता, उत्तर देऊन ठेवलंय: राज्याच्या हद्दीत जमीन असली, आठवडाभर मुक्काम केला, इतकंच काय, हमरस्त्यानं नुसता मोकळेपणानं प्रवास केला, तरी ती मूक संमतीच. झालं! वावरही हद्दीत आणि हमरस्ताही पायाखाली. राष्ट्रीय महामार्ग 53 वर स्कूटरचं चाक पडलं की मी करारात अडकलो. हॉब्जकडं जाऊन उपयोग नाही. राजसत्ता नसली तर सगळे सगळ्यांशी लढतात, हे त्याचं म्हणणं पटवायला कापसाच्या गाठी लादलेला एक ट्रक समोरून आला तरी पुरतं.

मग मी घरच्या माणसाकडं वळलो. कौटिल्याचं अर्थशास्त्र म्हणजे दंडाचा बाजार. पण गाडीवानाला त्यात सवलती आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडलं, गाडी आडवी किंवा उलटी फिरली, तर अपघाताचा दंड नाही. ‘उलटी’ हा शब्द वाचून मला असा हर्ष झाला म्हणून सांगू! दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, सवलत बुजलेल्या बैलाला आहे, पेट्रोल वाचवणाऱ्या मालकाला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आणखी एक पळवाट सापडली. गाडीवान ‘बाजूला हो’ असं ओरडला असेल तर त्याला दंड नाही. आमच्याकडं धडक झाल्यावर पहिलं वाक्य येतं, “हॉर्न मारला होता ना बाप्पा!” ते किती जुनं आहे, हे त्या दिवशी समजलं. महाराष्ट्रानं 2015 साली ट्रकांच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायला लावलं खरं, पण हॉर्नवरची श्रद्धा पुसली गेली नाही.

गेल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. उलट्या बाजूनं कडेकडेनं चाललो होतो. समोरून, म्हणजे बरोबर बाजूनं, एक मोटरसायकल आली. चालवणारं पोट्टं दहावीतलं, मागं त्याचा बाप, मांडीवर संत्र्यांची पिशवी. तळेगावहून मोझरीला निघाले होते. मला पाहून थांबले. बाप माझा जुना विद्यार्थी निघाला. मला अंगात मास्तर संचारायला तेवढं पुरे.

“अरे, पोराला गाडी देतोस? लायसन आहे का त्याच्याकडं?”

“पोट्टं चालवते सर. मी त निरा मांगं बसेल हाओ.”

नेमका तोच गुन्हा! कौटिल्य सांगतो, चालवणारा पोर असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करा. 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनंही तेच धरलंय: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. मी दोन्ही कलमं ऐकवली. पोट्टं खाली उतरलं. बापानं पिशवी त्याच्याकडं दिली, हँडल धरलं आणि माझ्या स्कूटरच्या तोंडाकडं सावकाश पाहिलं.

“पन सर, तुमी इकून कुठं चालले?”

मी लॉक काढला. मूक संमती, हमरस्ता, 1689, सगळं सांगितलं. शिवाय हा करार आपण सगळेच थोडाथोडा मोडतो, हेही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात कधी ऐकलं नव्हतं इतकं.

“सर,” तो किक मारता मारता म्हणाला, “त्या लॉकचं वावर रस्त्याच्या कोन्या अंगाले होतं?”