दुपारी बाराचा मुहूर्त

सोन्याचं नवं स्मारक-नाणं घ्यायचं ठरवलंत, तर पहिला नियम असा की नाण्याकडे बघायचं नाही. त्यावर कोण आहे, त्याने देशासाठी काय केलं, शिल्पकाराला त्याचं नाक साधलंय का, या चौकशा शाळेच्या सहलींना शोभतात. संग्राहकाने थेट तळाची ओळ वाचावी. टांकसाळ जास्तीत जास्त किती नाणी पाडणार, तो आकडा तिथे असतो. तो वाचून मान न हलवता फक्त जिभेने 'च्च' करता आलं, की अर्धी दीक्षा झाली. 'च्च' म्हणजे नेमकं काय, जास्त की कमी, हे कुणी विचारत नाही.

ही मार्गदर्शिका अमेरिकेच्या टांकसाळीपुरती आहे, कारण माझं बिऱ्हाड न्यू जर्सीत आहे आणि माझ्या पगाराचा एक ओहोळ गेली अकरा वर्षं तिकडेच वाहतो आहे. सोन्याची स्मारक-नाणी बहुतेक करून न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटला पडतात. त्यांच्यावर 'डब्ल्यू' हे बारीक अक्षर असतं, आणि ते पहिल्यांदा उमटलं १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या दहा डॉलरच्या नाण्यावर. पुण्या-कोल्हापुरातल्या होतकरूंनी हिरमुसू नये. नाणं घ्यायला डॉलर लागतात, अंदाज बांधायला व्हिसासुद्धा लागत नाही.

आता भाव. हे गणित कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला नव्याने शिकावं लागत नाही. आई गुजरीत सोनं घ्यायला गेली की सोनार तीन आकडे सांगायचा: आजचा भाव, वजन आणि घडणावळ. पहिल्या दोन आकड्यांवर आई गप्प असायची. तिसऱ्यावर ती अर्धा तास बोलायची आणि मधे दोनदा उठून चपला घालायची. टांकसाळीत हेच तीन आकडे आहेत, फक्त चपला घालून काही उपयोग होत नाही.

उदाहरण घ्या. पाच डॉलरचं स्मारक-नाणं ८.३५९ ग्रॅमचं, ९० टक्के सोन्याचं. म्हणजे आपल्या ९१६च्या बांगडीहून जरा उणं. शुद्ध सोनं काढलं तर पाव औंसाला किंचित कमी भरतं. समजा सोनं औंसाला २,००० डॉलर आहे, तर नाण्यातलं सोनं झालं ४८४ डॉलरचं. त्यावर कायद्याने ठरवलेला ३५ डॉलरचा अधिभार. तो त्या कायद्यात नाव असलेल्या संग्रहालयाला किंवा प्रतिष्ठानाला जातो. आपल्याकडे याला दक्षिणा म्हणतात. त्यावर घडणावळ, डबी, प्रमाणपत्र. हे सगळं मोजून दिल्यावर नाणं हातात येतं आणि त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं असतं: पाच डॉलर. विकायला, म्हणजे मोडायला नेलंत तर सोन्याचे पैसे मिळतात. दक्षिणा परत मागू नये, पाप लागतं.

हा भाव रोज हलत नाही. टांकसाळीचं एक कोष्टक असतं. लंडनच्या भावाची सरासरी काढायची, ती ५० डॉलरच्या कोणत्या टप्प्यात पडते ते बघायचं आणि आठवड्यातून एकदा, साधारण बुधवारी, नाण्याची किंमत सरकवायची. या ५० डॉलरच्या कुंपणावर एक अख्खा ज्योतिषी संप्रदाय जगतो. मंगळवारी रात्री सरासरी कुंपणापासून दोन डॉलरवर असेल, तर आज घ्यावं की उद्या? पाव औंसाच्या नाण्यावर फरक पडतो बारा-तेरा डॉलरचा. त्यासाठी पहाटे तीनपर्यंत जागावं, सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये डुलकी काढावी आणि वाचवलेल्या पैशांतून कडक कॉफी घ्यावी.

पण भाव हा धाकटा भाऊ. खरी विद्या आहे मिंटेजची, म्हणजे किती नाणी पडतात त्या आकड्याची.

कायद्यात ५०,००० लिहिलंय म्हणून ५०,००० पडतील असं नव्हे. तो वरचा आकडा. प्रत्यक्षात जितकी खपतील तितकी पडतात. वरचा आकडा आणि खपाचा आकडा यांच्या मधल्या पट्टीत सगळा सट्टा पिकतो, आणि तिथला मूळपुरुष म्हणजे १९९७चं जॅकी रॉबिन्सनचं पाच डॉलरचं नाणं. रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली. त्या घटनेच्या पन्नाशीचं हे नाणं. एक लाख पाडायची मुभा होती. पण आधीची दोन वर्षं अटलांटा ऑलिंपिकच्या नाण्यांची रांग संपता संपत नव्हती, संग्राहकांचे खिसे पिळून वाळत टाकलेले होते. रॉबिन्सनकडे बघून त्यांनी जांभई दिली. खास चकाकीची 'प्रूफ' नव्हेत, साधी नाणी खपली ५,१७४. पुढे जांभई देणारे जागे झाले आणि त्याच नाण्याला काही हजार डॉलर मोजू लागले.

हे काही नवं नाही. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनासाठी ५० डॉलरची दोन नाणी काढली होती, एक गोल आणि एक अष्टकोनी. एका बाजूला मिनर्व्हा, दुसऱ्या बाजूला घुबड. किंमत १०० डॉलर. पन्नासाच्या नाण्याला शंभर द्यायला आम्ही काय वेडे आहोत, असं म्हणून बरीच शहाणी माणसं पुढच्या मांडवात गेली. गोल ४८३ आणि अष्टकोनी ६४५ एवढीच गिऱ्हाइकांकडे पोचली, उरलेली वितळवली. त्याच्याही आधी, सेंट लुईसच्या प्रदर्शनासाठी १९०३ साल घातलेली एक डॉलरची सोन्याची नाणी निघाली. अडीच लाख पाडली होती. फॅरन झर्ब नावाचे गृहस्थ ती तीन डॉलरला एक अशी विकत बसले. शेवटी ३५,००० राहिली आणि बाकीची भट्टीत गेली. आज त्या शहाण्या माणसांच्या पणतवंडांना त्या घुबडाचा फोटोच परवडतो.

यातून शिष्याने पाठ करायचं ते असं: नाणं दुर्मिळ व्हायचं तर आधी ते नकोसं व्हायला पाहिजे. म्हणून नवं नाणं जाहीर झालं की मी बायकोला चित्र दाखवतो. ती "छान आहे की" म्हणाली, तर घेत नाही. "हे कोण? गेले का?" असं म्हणाली की दोन घेतो. ही पद्धत इतकी शास्त्रशुद्ध आहे की तिच्यातून मला आजवर एक पैसाही सुटलेला नाही.

कारण विद्येचा दुसरा अध्याय मी उशिरा वाचला. २००७ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची सोन्याची नाणी सुरू झाली, प्रत्येकी अर्धा औंस, २४ कॅरट. पहिल्या दोघी, मार्था वॉशिंग्टन आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स, ४०,०००ची मर्यादा असूनही पहिल्याच दिवशी संपल्या. मग रांग पुढे सरकली. काही राष्ट्राध्यक्ष विधुर निघाले, ब्यूकॅनन तर आजन्म ब्रह्मचारी. टांकसाळीने डोकं चालवून अशांच्या वाट्याला स्वातंत्र्यदेवता दिली. (लग्न न जमलेल्या मुलाला कुलदेवतेच्या स्वाधीन करतात, तसंच.) संग्राहक मात्र थकले. शेवटच्या वर्षांतल्या काही पत्नींची साधी नाणी दोन-तीन हजारांवर अडकली. रॉबिन्सनहूनही कमी! मी हात चोळत बसलो. आजही बसलो आहे. त्यांतल्या कित्येकींना सोन्याच्या भावाहून फार वर कुणी विचारत नाही. नकोसं होऊन भागत नाही, मागाहून कुणाला तरी हवंसं वाटावं लागतं. आणि एकामागून एक अशा चाळीसेक बायकांचा संच पुरा करायचं मनावर घेणारा माणूस अजून माझ्या ओळखीत नाही.

यावर टांकसाळीनेही उपाय शोधला: आकडाच असा ठेवायचा की तोच नाण्याची गोष्ट होईल. दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून ५ नोव्हेंबर २०२०ला एक औंसाचं सोन्याचं 'ईगल' नाणं विकायला ठेवलं. पाडली किती? १,९४५. ती काही मिनिटांत गेली. २०२४ साली १७९४च्या मोकळ्या केसांच्या स्वातंत्र्यदेवतेची सोन्याची आवृत्ती काढली, तेव्हा २३० नाण्यांवर खास खूण उमटवून त्यांचा लिलाव केला. १७९४ अधिक २३० किती होतात ते तुम्हीच करा. म्हणून भविष्य वर्तवणाऱ्याने आता अर्थशास्त्र सोडून दिनदर्शिका बाळगावी.

नाणं निवडलंत, भाव ताडलात. आता मुहूर्त. तो दुपारी बाराचा, न्यूयॉर्कच्या घड्याळाने. आपल्याकडे बारा वाजणे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या वेळी माणसाने ऑफिसात असावं, बोट बटणावर असावं आणि समोर साहेब असला तर चेहऱ्यावर तिमाही अहवालाची चिंता असावी. २०१६ साली मर्क्युरी डाइम या जुन्या नाण्याची सोन्याची प्रतिकृती आली, औंसाचा दहावा हिस्सा, किंमत २०५ डॉलर, मर्यादा सव्वा लाख. तासाभरात जवळजवळ फडशा पडला. घरटी दहाच, असा नियम होता. या 'घरटी' शब्दाने एकत्र कुटुंबपद्धतीचं पुनरुज्जीवन केलं, असं म्हणायला हरकत नाही. दहा वर्षं ज्या साडूशी धड बोलणं नव्हतं, त्याला अकरा वाजता फोन गेले. "तुझा पत्ता काय रे हल्ली?" साडूही भाबडा नव्हता. त्याने विचारलं, "कुठलं नाणं आहे?"

मुहूर्त प्रत्यक्ष बघायचा तर २०१४चा ऑगस्ट आठवावा. केनेडी अर्ध्या डॉलरला ५० वर्षं झाली म्हणून तोच अर्धा डॉलर पाऊण औंस शुद्ध सोन्यात काढला. किंमत १,२४० डॉलर, नाण्यावर लिहिलेलं मोल ५० सेंट. शिकागोजवळ रोझमाँटला नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे लोक रात्रभर रांगेत बसले, व्यापाऱ्यांनी पैसे देऊन माणसं उभी केली, आणि दोन-तीन दिवसांत गर्दीला घाबरून खिडकीवरची विक्रीच थांबवावी लागली. घरबसल्या मागवायची सोय चालू होती, हे रांगेतल्यांना ठाऊक होतं. पण घरबसल्या आलेल्या नाण्याला 'मी तिथे होतो' अशी चिठ्ठी लागत नाही. अखेर ७०,०००हून जास्त केनेडी निघाले आणि भाव निमूटपणे सोन्याजवळ येऊन बसला. ज्यांनी रांगेत डास मारले त्यांना डासही मिळाले.

नाणं घरी आलं की खोकं उघडायचं नाही. ते तसंच परीक्षकांकडे पाठवावं. ते ७० पैकी गुण देतात आणि नाणं पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत कायमचं कोंडतात. ७० पैकी ६९ पडले तर आपल्याकडे पेढे वाटतात. इथे घरात सुतक पडतं. ६९ आणि ७०मधला फरक भिंगातूनही दिसत नाही, तो फक्त किमतीत दिसतो. नाण्याला बोट लावायचं नाही, हे सांगणे न लगे. सोनं हाती धरल्याचं समाधान हवं असेल तर चौकट हाती धरावी.

अशी एक सत्तर गुणांची चौकट मी गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. इकडे दुपारचे बारा म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेनऊ, तिची मालिका नुकतीच संपलेली. मी मिंटेज सांगितलं, कोष्टक समजावलं, ३५ डॉलरच्या दक्षिणेचाही उल्लेख केला. तिने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"घडणावळ किती घेतली?"

सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. तिने चपला शोधल्या असाव्यात.

"बरं," ती म्हणाली, "याला वर कडी बसवून मिळेल का? माझ्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी गहाळ आहे. तिथे चांगलं दिसेल हे."

कडी लावलेलं नाणं संग्राहकांच्या लेखी संपतं, त्याला नुसत्या सोन्याच्या वजनाचा भाव येतो, हे मी तिला पाच मिनिटं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग आता कसला भाव येतोय त्याला?"

मी म्हटलं, आई, तुझा आवाज तुटतोय.