कटले!

राजापेठेतल्या एका बँकेत पासबुक छापायच्या मशीनपुढे परवा ऐकलेला संवाद :

"बापू, हे ४३६ कायचे कटले?"

"स्कीमचे असतीन, काका. तुमीच सही केली असन."

बँकेत पैसे नेहमी 'कटतात'. ते कापणारा कोणी नसतो. ४३६ म्हणजे जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, २० म्हणजे अपघात विम्याचा, एवढं आता आकड्यावरून कळतं. बाकी 'एसीएच' आणि त्यापुढची अक्षरांची माळ वाचायला पत्रिका बघणाराच बोलवावा लागतो.

'नाच' (एनएसीएच) या बँकांच्या आपोआप वसुलीच्या यंत्रणेवरच्या प्रत्येक मॅन्डेटला, म्हणजे खात्यातून पैसे कापायच्या परवानगीला, स्वतंत्र क्रमांक असतो, युएमआरएन नावाचा. ढोराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. आपल्या वावरात चरणाऱ्या प्रत्येक ढोराला बिल्ला आहे. ढोरं किती आणि कोणाकोणाची, एवढं फक्त वावराच्या मालकाला कोणी आपणहून सांगत नाही.

त्यात २ सप्टेंबर २०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटर आले. कर्ज हवं? मोबाइलवर संमती द्या, खात्याचा उतारा थेट सावकाराच्या संगणकात. माहिती कशासाठी आणि किती दिवस, हे संमतीत लिहिलेलं. मधल्या अ‍ॅग्रिगेटरला ती माहिती वाचता येत नाही. व्यवस्था झकास! पण उताऱ्यात असतात ते होऊन गेलेले व्यवहार. मॅन्डेट म्हणजे पुढच्या व्यवहाराची परवानगी. जुलै ते डिसेंबरचा उतारा मागितला, तर मे-अखेरचे ४३६ त्यात कुठून येणार? कालच सही केलेला, अजून एकही हप्ता न कटलेला मॅन्डेट तर दिसतच नाही. मग संगणक ताडतो : तीच तारीख, तीच रक्कम, तेच नाव, म्हणजे हप्ता असावा. थोडक्यात, 'असतीन, काका'.

ब्रिटनच्या ओपन बँकिंगमध्ये खात्यावरच्या डायरेक्ट डेबिटची वेगळी यादीच मागता येते. आपल्याकडे ती घरीच जमवावी लागते. यूपीआय ऑटोपे अ‍ॅपमध्ये तपासा, आणि बाकीच्यांसाठी बँकेत लेखी अर्ज द्या : 'माझ्या खात्यावरचे सर्व चालू मॅन्डेट, युएमआरएन आणि कापणाऱ्याच्या नावासह द्यावेत.'

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. वावर आपलं आहे.