आधी दाबायचं, मग ओढायचं

जुनी गाडी बाळगणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्यांकडे नव्या गाडीपुरते पैसे नसतात. दुसऱ्यांकडे पैसे असतात, पण नव्या गाडीत स्वतः करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आपले काका या दुसऱ्या पंथाचे. पुण्यात कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी उतरा. बनियनवर, खांद्यावर पिवळा फडका टाकलेले आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर धरलेले काका दिसलेच पाहिजेत. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याशा कारखान्यात मेंटेनन्स खात्यात उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, मेंटेनन्स सुटला नाही. गाडी एकतर झेन, नाहीतर आठशे. झेन निघायची बंद झाली २००६ मध्ये, आठशे २०१४ मध्ये. दोन्ही वेळा काका घरी दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

काकांच्या गाडीत एकही गोष्ट बिघडलेली नाही. सगळं चालू आहे. फक्त ते कसं चालतं हे माहीत असावं लागतं. मागची डावी काच वर नेताना तळव्याने आधार द्यायचा. मागचं दार जरा उचलून मग लावायचं, आपटायचं नाही. हॉर्न हवा असेल तर मधोमध नव्हे, किंचित उजवीकडे दाबायचा. लिफ्ट मागणाऱ्या माणसाला आधी हे पाठ करावं लागतं. त्यामुळे काकांकडे लिफ्ट मागणारे हळूहळू कमी झाले. काकांच्या मते लोकांना हल्ली चालायची सवय लागली आहे, आणि ते चांगलंच आहे.

या सगळ्या विद्येचा कळस म्हणजे डॅशबोर्डमधला कप्पा. तो उघडायचा म्हणजे डावा गुडघा झाकणाच्या खालच्या कडेला लावून वर रेटायचं, तळव्याने झाकण आत दाबायचं आणि त्याच क्षणी दोन बोटांनी खटका ओढायचा. हे एकाच माणसाला साधतं, ते म्हणजे काकूंना. काका स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर असल्याने त्यांचा गुडघा तिथवर पोहोचत नाही. ते फक्त मार्गदर्शन करतात. ‘‘अगं, आधी दाब. आधी दाबायचं, मग ओढायचं!’’ काकू उत्तर देत नाहीत. त्या कप्पा उघडतात, लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकतात आणि कप्पा लावून टाकतात. काकांना गोळी हवी होती की नाही, हा प्रश्न पुढच्या वेळी कप्पा उघडेपर्यंत तहकूब.

एकदा चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. कागद हल्ली मोबाइलमध्ये दाखवले तरी कायद्याने चालतात. पण काकांचा विश्वास कागदावर, आणि कागद कप्प्यात. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पाच वर्षांसाठी करून आणलेली नोंदणी, विमा, पीयूसी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. त्या दिवशी काकू बरोबर नव्हत्या. ‘‘साहेब, जरा डावीकडून आत बसता का?’’ काका अदबीने म्हणाले. ‘‘गुडघा इथे लावा. तो नाही, डावा. आता दाबा. अहो, आधी दाबायचं!’’ मागे सिग्नल दोनदा हिरवा झाला. शेवटी हवालदार बाहेर आला, टोपी नीट केली आणि म्हणाला, ‘‘जावा काका तुम्ही.’’ बिनपावतीची अशी सुटका कप्प्याच्या कृपेने झाली, हे काका आजही अभिमानाने सांगतात.

खरं तर दुखणं साधं. झाकणाच्या खटक्याला आतून एक जीभ असते. मागे स्प्रिंग असल्याने ती सतत बाहेर आलेली असते आणि समोरच्या चौकटीवरच्या धातूच्या कडीत अडकून बसते. खटका ओढला की जीभ मागे सरकते आणि झाकण सुटतं. पण वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लॅस्टिक थोडं वाकतं, खालचे बिजागर ढिले पडतात. त्यात मालकाने कप्पा गच्च भरलेला असला की आतला ऐवज झाकणाला बाहेर ढकलत राहतो. मग जीभ कडीवर इतकी आवळून बसते की नुसतं ओढून मागे येत नाही. झाकण आत दाबलं की हा ताण उतरतो आणि जीभ मोकळी होते. म्हणजे काकांचा मंत्र शास्त्रशुद्ध होता. फक्त तो इलाज नव्हता, आणि हे काकांना पहिल्यापासून माहीत होतं. इलाज केला तर मंत्र कोणाला शिकवायचा?

पण बेंगळुरूहून मुलगा आला. त्याने खटका नुसता ओढला, जोरात ओढला आणि खटक्याचा अर्धा तुकडा हातात घेऊन म्हणाला, ‘‘बाबा, विकून टाका ना आता.’’ काकांनी तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला, फडक्याने पुसला, खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

पार्किंगमध्ये सभा भरायला बोलावणं लागत नाही. बॉनेट उघडलं की पुरतं. इथे तर डावं दार सताड उघडं आणि काका डॅशबोर्डखाली आडवे. पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, खोबरेल घाला. काका आतूनच ओरडले, ‘‘घातलं होतं! डिसेंबरात थिजतं ते!’’ खरंच आहे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि पुण्याच्या थंडीत पहाटेचा पारा त्याच्या कितीतरी खाली. गेल्या हिवाळ्यात कप्पा सकाळी उघडत नव्हता आणि दुपारी उघडत होता, त्याचं गुपित हे. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला निळा-पिवळा डबा घेऊन आला : डब्ल्यूडी-४०. काकांना तेवढंच निमित्त हवं होतं. ‘‘१९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला बनवलं हे. काम काय, तर पाणी हटवणं. म्हणून डब्ल्यूडी. चाळिसाव्या वेळेला जमलं म्हणून चाळीस. गंजलेलं सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून टिकत नाही. उडतं, आणि मागे राहतं त्याला धूळ चिकटते.’’ आयटीवाल्याने डबा मागे लपवला. वॉचमनचं म्हणणं, खटका काढून नाडी बांधा. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या बाबतीत ते जातपात न पाहता सगळ्यांचा सारखाच अपमान करतात.

मग मात्र त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. कप्पा आधी रिकामा केला. नोंदणीची पिशवी, द्रुतगती मार्गाच्या टोलच्या फिकट पडून कोऱ्या झालेल्या पावत्या, अंगाऱ्याची पुडी, बाम, मळमळीच्या गोळ्या, बॅटरी नसलेला टॉर्च, टॉर्च नसलेल्या बॅटऱ्या. एवढ्यानेच झाकण बोटभर आत गेलं. मग कडीचे स्क्रू सोडण्याआधी तिच्या कडेने काकूंच्या नेलपॉलिशची रेघ मारली, म्हणजे ती मूळची कुठे होती याचा पुरावा राहतो. स्क्रू अर्धा फेरा ढिले केले आणि कडी केसभर वर सरकवून पुन्हा आवळली. जुनं चिकट तेल कापसाने आणि स्पिरिटने पुसून काढलं. मग नातवाच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली, ब्लेडने शिसाची भुकटी पाडली आणि ती कोरडी भुकटी जिभेवर चोळली. ग्रॅफाइट. धूळ धरत नाही, थंडीत थिजत नाही, फुकट मिळतं. तुटलेला अर्धा खटका एरल्डाइटने जोडला आणि रात्रभर कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना खाली बोलावलं. त्या बसल्या, सवयीने गुडघा लावला, दाबलं, ओढलं. झाकण असं काही उघडलं की थेट गुडघ्यावर आपटलं. ‘‘अगं, नुसतं ओढायचं!’’ काका म्हणाले. ‘‘इतकी वर्षं दाब म्हणत होतात ना,’’ काकू गुडघा चोळत म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

कप्प्यातलं सामान परत लावताना पार मागच्या कोपऱ्यात एक खाकी पाकीट हाताला लागलं. आत नवा कोरा खटका, त्याच गाडीचा, कंपनीच्या पॅकिंगमध्ये, सोबत नाना पेठेतल्या दुकानाची पावती. हा खटका काकांनी फार वर्षांपूर्वी आणला होता आणि हरवू नये म्हणून गाडीतल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवला होता. सभेत क्षणभर शांतता पसरली. आयटीवाला हळूच म्हणाला, ‘‘काका, मग हाच बसवून टाकू ना? पाच मिनिटांचं काम.’’

काकांनी पाकीट हातात तोललं. जोडलेल्या खटक्याकडे पाहिलं, नव्याकडे पाहिलं. मग नवा खटका नीट पाकिटात घातला, पाकिटाला रबरबँड लावला आणि ते कप्प्यात पार मागे सारलं.

‘‘वेडा आहेस का? हा आता कुठे मिळत नाही. पुढे कधी बिघडला तर लागेल.’’