विश्वास, अधिक एक टक्का मेट्रो अधिभार

लग्नाच्या बैठकीत करार हा शब्द उच्चारायचा नसतो. एरवी त्या बैठकीत दुसरं काहीच होत नाही.

चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेला फुलस्केप कागद असतो. अक्षर बरं म्हणून पेन मुलाच्या मामांकडे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मामा लिहू लागले की कलमं पडायला लागतात. कार्यालयाचं भाडं निम्मं-निम्मं. सकाळचा नाश्ता मुलीकडे, संध्याकाळचं रिसेप्शन मुलाकडे. मानाच्या साड्या अकरा, करवलीची वेगळी. आइस्क्रीम मुलाकडचे देणार, पण काउंटरवर माणूस मुलीकडचा उभा राहणार, कारण मागच्या लग्नात तीन ब्लॉक कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. हुंड्याला 1961 पासून कायद्यानं बंदी असल्यामुळे ‘तुमच्या मुलीला काय घालायचं ते तुम्ही घालालच’ एवढं एकच कलम तोंडी ठेवतात. मग दोन प्रती निघतात, दोन्हीकडच्या सह्या होतात, सुपारी फुटते. आणि कुणी विचारलं तर सांगायचं की आपल्याकडे लग्न हा संस्कार आहे, व्यवहार नव्हे.

गेल्या हंगामात अशाच एका बैठकीला शेजारधर्म म्हणून मी हजर होतो. यादी पुरी झाली, पेढे फिरू लागले, आणि मुलगी म्हणाली, “मामा, फ्लॅटचं एक कलम घालू या का? कोण किती भरणार, आणि उद्या काही झालंच तर कुणाचं काय.”

विहीणबाईंचा पेढा तोंडापाशी जाऊन थांबला.

“उद्या काही झालं तर म्हणजे?”

“म्हणजे प्रीनपसारखं,” मुलगी म्हणाली. आयटीतली होती, त्यामुळे सगळ्यांनी तिला मोठ्या मनानं समजून घेतलं.

“हे बघ बाळ,” मामा म्हणाले, “ही अमेरिकेतली थेरं. आपल्यात सगळं विश्वासावर चालतं.” असं म्हणून त्यांनी यादीची आपल्याकडची प्रत पुन्हा एकदा वाचून पाहिली आणि आइस्क्रीमच्या कलमाखाली ‘फ्लेवर दोन’ असं वाढवलं.

मामांच्या बाजूनं कायदा आहे, हे इथे प्रांजळपणे सांगायला हवं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 असं की, करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल तर तो रद्दबातल. हिंदू विवाहाआधीचे करार बहुतेक वेळा याच खड्ड्यात पडत आले आहेत. गंमत अशी की यातला एक जुना आणि नेहमी दाखला दिला जाणारा खटला घराचाच आहे. एका गृहस्थानं लग्नाआधी लिहून दिलं होतं की, मी सासूबाईंकडे राहीन आणि बायकोला तिथून कधी हलवणार नाही. बरीच वर्षं राहिलेही बिचारे. पुढे बिनसलं, ते निघाले, आणि बायकोनं आपल्याकडे नांदायला यावं म्हणून कोर्टात गेले. 1901 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तो करार मोडीत काढला. नवऱ्याला सासरी बांधून ठेवणारा कागद सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरला. बायकोला सासरी बांधून ठेवायला कागदच लागत नाही, त्यामुळे ते धोरणात बसतं की नाही हे तपासायची वेळ सहसा येत नाही.

मामांना मी गोव्याची आठवण करून दिली. त्यांचं कुलदैवत मंगेशी. दरवर्षी अभिषेक, मग म्हापशाच्या बाजारातून सुके बांगडे, असा त्यांचा धार्मिक कार्यक्रम असतो. त्याच गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही कुटुंबाच्या बाबतीत लागू आहे. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, पण संहिता मागे राहिली. तिथे लग्नाआधी रीतसर करार करता येतो: तुझं ते तुझं, माझं ते माझं, किंवा आधीचं वेगळं आणि लग्नानंतरचं सामाईक. तो लग्नाआधीच सरकारदरबारी नोंदवायचा. एकदा अक्षता पडल्या की बदल नाही. आणि ज्यांनी काहीच करार केला नाही, त्यांचं सगळं आपोआप दोघांचं समान होतं. तिथे नवऱ्याला स्थावर विकायचं झालं तर बायकोची सही लागते. हा कायदा ख्रिश्चनांना तसाच हिंदूंनाही, म्हणजे मंगेशीच्या पुजाऱ्यापासून बांगडेवालीपर्यंत सर्वांना.

“मग काय झालं गोव्याचं?” मी विचारलं. “देवळं पडली? आरत्या थांबल्या?”

“गोव्याची गोष्टच वेगळी,” मामा म्हणाले. गोव्याबद्दल कुठलीही अडचण आली की हे वाक्य चालतं. कॅसिनोलाही चालतं.

तर कलम काही पडलं नाही. लग्न मात्र झटकन पार पडलं, दोन्ही फ्लेवर पुरले, आणि लगेच फ्लॅटची खरेदी आली. पुनावळ्यात, तेराव्या मजल्यावर, टू बीएचके, 90 लाख. खरा संस्कार इथे सुरू होतो.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रोचा अधिभार असे मिळून सात टक्के. म्हणजे सहा लाख 30 हजार. नोंदणी फी 30 हजार वेगळी. पण 2021 पासून महाराष्ट्र सरकारनं महिलांना एक टक्का सवलत दिली आहे. घर फक्त बाईच्या नावावर घ्या आणि 90 हजार वाचवा. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलंत तर सवलत नाही. सरकारचं म्हणणं सरळ आहे: मालकीण पूर्ण मालकीण असेल तरच.

हा हिशेब दिवाणखान्यात मांडला गेला तेव्हा मी चहाला होतो. विश्वासावर चालणारं घर. मुलगी म्हणाली, “मग माझ्या एकटीच्या नावावर घेऊ. 90 हजारात किचनची चिमणी, वॉटर प्युरिफायर, पडदे, सगळं होईल.”

पुष्कळ वेळ कुणी काही बोललं नाही. मामांनी कॅल्क्युलेटरवर 90 हजार पुन्हा करून पाहिले. विहीणबाई म्हणाल्या, “पण तिनं उद्या विकून टाकला तर?” त्यावर कुणीतरी सांगितलं की पूर्वी सवलत घेतली तर 15 वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकता यायचा नाही, पण 2023 मध्ये ती अटही सरकारनं काढली. हे ऐकून सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी मामांनी तोडगा काढला: आत्ता दोघांच्या नावावर घेऊ, मुलाचं पहिलं, मग सावकाश बक्षीसपत्र करू. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, अधिभार वेगळे. “200 रुपयांत होतंय तर घाई कशाला?” ते म्हणाले. म्हणजे 90 हजार रोख मोजून त्या कुटुंबानं विश्वास टिकवला. प्रीनपच्या वकिलानं याहून कमी घेतले असते.

‘मुलाचं पहिलं’ यातही मेख आहे. सोसायटीत सामाईक सभासद असले की मतदानाचा हक्क आधी पहिल्या नावाचा. दुसरं नाव सर्वसाधारण सभेला गेलं तर सामोसा मिळतो, मत पहिलं नाव गैरहजर असेल तरच.

पैशांची वाटणी तर मोठ्या कौतुकानं झाली. डाउन पेमेंटचे 18 लाख: मुलाच्या वडिलांच्या पीएफमधून आठ, मुलाचे स्वतःचे सहा, आणि मुलीचे चार. मुलीचे वडील सहा लाख द्यायला निघाले होते, पण व्याह्यांनी त्यांचा हात धरला. “अहो, घर आमचं आम्ही घेऊ. तुम्ही आपलं फर्निचर बघा.” भला माणूस, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, सोफा, तीन एसी, सगळं त्यानं केलं. हप्ता मुलाच्या खात्यातून, किराणा, वीज, मेंटेनन्स मुलीच्या खात्यातून, असंही ठरलं. हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरज काय, विश्वास आहे.

आपल्याकडे गोव्यासारखी सामाईक संपत्तीची व्यवस्था नाही. लग्न झालं म्हणून घरातला निम्मा वाटा कुणाचा होत नाही. पाहिलं जातं ते कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला सामाईक घरात राहायचा हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं की घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क लागू होऊ शकतो. चांगलंच आहे. पण राहायचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. ज्यानं हप्ते भरले त्याच्याकडे बँकेचं स्टेटमेंट असतं. जिनं दहा वर्षं तूरडाळ भरली तिच्याकडे वाण्याची बिलं नसतात. फ्लॅटची किंमत वाढते आणि तीन एसी तेवढ्याच वर्षांत भंगारवाल्याकडे जातात. उद्या काही झालंच तर तिच्या वाट्याला फर्निचर येईल, तेही लोखंडी नव्हे, प्लायवूडचं.

पण मुख्य वधूपरीक्षा बाकी होती. ती बँकेत झाली. 72 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण साडेबासष्ट हजार. एकट्या मुलाच्या पगारावर बसेना. म्हणून मुलीच्या पगाराच्या स्लिपा मागवल्या. घर दोघांच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं, तरी मुलाच्या वडिलांनी बँकेतल्या तरुणाला हळूच विचारलं, “सूनबाई कर्जात असल्या तरी ॲग्रीमेंटमध्ये नसल्या तर चालतं का हो?”

“चालतं ना काका,” तो म्हणाला. “सहमालकाला सहकर्जदार व्हावं लागतं, पण सहकर्जदाराला सहमालक असायची गरज नाही.”

मुलगी शेजारीच होती. तिनं काही उत्तर दिलं नाही. बँकेचा करार पुढे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. जाड होता. मजकूर बारीक. बँकेतल्या तरुणाच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य होतं, जणू कुणी तिरडीचं कोटेशन वाचतंय. एका पानावर ती थांबली. दोघं एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार, म्हणजे बँक सगळी रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकते. नवराबायको एकमेकांशी बोलत असोत वा नसोत, एकत्र असोत वा नसोत, हप्ता पाच तारखेला. उद्या काही झालं तर काय, याची एवढी काळजी या लग्नात आजवर कुणीच केली नव्हती.

“काका,” ती सासऱ्यांना म्हणाली, “ॲग्रीमेंटला माझं नाव हवं. आणि वाटा किती तेही लिहून हवंय. नाहीतर ही सही नाही.”

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं बँकेतल्या कुंडीकडे. बँकेचा तरुण म्हणाला, नाव आणि वाट्याचं काय ते बिल्डरकडून लिहून आणा, आमची हरकत नाही. शेवटी अर्धा-अर्धा लिहायचं ठरलं. प्रेमानं नव्हे, तिच्या पगाराशिवाय फाइल पुढे जात नव्हती म्हणून.

मग त्यानं आणखी एक फॉर्म काढला. मुलानं दोनच महिन्यांपूर्वी नोकरी बदललेली, त्यामुळे जामीनदार हवा होता. मामा सोबत आलेच होते. त्यांनी फॉर्म घेतला, खिशातलं पेन काढलं आणि खूण केलेल्या आठही जागी झपाट्यानं सह्या केल्या. मुलगी म्हणाली, “मामा, वाचा तरी.”

“वाचायचं काय त्यात? बँक आहे, विश्वास ठेवायचा.” मग टोपण लावता लावता त्यांनी त्या तरुणाला विचारलं, “जामीनदार म्हणजे नुसती सहीच ना?”

“हो काका,” तो म्हणाला, “नुसती सही.”